मारकुटं मूल: शिक्षेआधी पंधरा दिवसांची वही

"बाई, ह्याने मला ढकललं." मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतून हे वाक्य दिवसातून निदान दोनदा येतं. माझ्या सहावीच्या एका वर्गात ते जवळजवळ दर वेळी एकाच मुलाबद्दल असायचं. कुणाच्या पाठीत बुक्की, कुणाची कंपासपेटी खिडकीबाहेर, एकदा तर कर्कटकाचं टोक शेजाऱ्याच्या दंडात. मीही सगळे करतात तेच केलं. बाकावर उभं केलं, डायरीत लाल शेरा मारला, वडिलांना बोलावलं. जुलै ते सप्टेंबर हे चाललं आणि फरक शून्य पडला.

शेवटी निवृत्तीला आलेल्या एका सहकारी बाई म्हणाल्या, "तो का मारतो ते सोड. कधी मारतो ते लिही." मी पंधरा दिवस लिहिलं. अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या आठ नोंदी सकाळी नऊ ते पावणेदहाच्या मधल्या होत्या. शाळा सात वाजून दहा मिनिटांनी भरायची. पोरगं साडेसहाला घर सोडायचं ते अर्धा कप चहावर. खिचडी पावणेदहाला.

भूक हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, ते पुढे येईलच. पण तीन महिन्यांच्या शेऱ्यांनी जे सांगितलं नव्हतं ते एका चाळीस पानी वहीने सांगितलं. त्यानंतर मी हाच क्रम ठेवला. वर्गशिक्षकांना तो तसाच्या तसा वापरता येईल, पालकांना थोड्या फरकाने घरीही.

पायरी १: दंगा कुठला, मारामारी कुठली

पटांगणात एकमेकांना लोळवणारी पोरं नीट बघा. चेहरे हसरे असतात, खालचा मिनिटाभरात वर येतो आणि घंटा झाली की दोघं एकाच डब्यातलं खातात. तिथे शिट्टी वाजवत धावायची गरज नाही. चेहरे आवळलेले, एकच जण सतत खाली आणि संपल्यावर दोघं दोन दिशांना, असं दिसलं तर मात्र जा.

खरी मारामारीही एका जातीची नसते. एक तापलेली असते. कुणीतरी 'चिडका बिब्बा' म्हटलं, डोळे भरून आले आणि हात सुटला. अशा भांडणात मार खाणाऱ्यापेक्षा मारणाराच जास्त रडताना दिसतो. दुसरी थंड असते. तिच्यात मूल चिडलेलं नसतं. बाई फळ्याकडे वळायची वाट बघतं, मग हळूच सांगतं, "उद्या दहा रुपये आण, नाहीतर बघ." तापलेल्याला स्वतःला आवरायला शिकवावं लागतं. थंडाला समजूत घालून उपयोग नसतो, त्याला मारण्यातून जे मिळतंय ते बंद करावं लागतं. दोघांना एकच शिक्षा देणं म्हणजे ताप आणि मोडलेला हात यांवर एकच गोळी देणं.

तिसरी जात हात न लावता चालते आणि ती आपल्या नजरेतून सर्रास सुटते. "तिच्याशी कुणी बोलायचं नाही," असा हुकूम निघतो. वाढदिवसाचं चॉकलेट वर्गभर फिरतं आणि एका बाकापाशी संपतं. सातवी-आठवीत हेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होतं. नॉर्वेत १९८३ पासून शाळांमधला छळ थांबवण्याच्या कार्यक्रमावर काम केलेल्या डॅन ओल्वेयस यांची कसोटी इथे कामी येते: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर होतं त्याला परतवता न येणारं. तिन्ही जुळलं तर 'मुलं आहेत, भांडायचीच' म्हणून सोडून देऊ नका.

वयाचंही भान ठेवा. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी लहानपणापासून मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना असं दिसलं की मारणं, ओरबाडणं, चावणं सर्वांत जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आणि मग बहुतेक मुलांत ते ओसरत जातं. म्हणजे पहिलीत येऊन बोचकारणारं पोर कुठून तरी 'बिघडून' आलेलं नसतं. न मारता काम कसं साधायचं हे त्याचं अजून शिकायचं राहिलंय, जसं एखाद्याचं जोडाक्षर राहतं. पाचवी-सहावीपर्यंतही ते राहिलं असेल तर काळजीने बघायला हवं.

पायरी २: भांडण पेटलेलं असताना

दोघांच्या मध्ये उभ्या राहा, पण कुणाला ओढू नका. आवाज खाली आणा. तो चढवलात तर भांडण दोघांचं न राहता तिघांचं होतं. वाक्यं तीन-चार शब्दांची ठेवा: "थांब. मागे हो. हात खाली." प्रेक्षकांना हलवा. भोवती कोंडाळं जमलं की माघार घ्यायची त्या मुलाची इच्छा असली तरी इज्जत आड येते. मग आधी लागलेल्याकडे जा. आपण सवयीने उलटं करतो. मारणाऱ्याला दहा मिनिटं झापतो आणि ज्याचा ओठ फुटलाय तो तसाच उभा असतो.

"का मारलंस?" हे तेव्हा विचारू नका. भडकलेल्या मुलाला कारण सांगता येत नाही. ते "त्याने आधी मारलं" म्हणतं, समोरचा "नाही बाई, खोटं बोलतोय" म्हणतो आणि आपण न्यायाधीश होऊन बसतो. पाणी द्या, वर्गाबाहेरच्या पायरीवर बसवा, मॉनिटरला नव्हे तर कुणातरी मोठ्या माणसाला जवळ राहू द्या. अर्ध्या तासाने किंवा सुट्टीनंतर बोला. जबरदस्तीची 'सॉरी' तर मुळीच वदवून घेऊ नका. दात-ओठ खात म्हटलेल्या सॉरीचा हिशेब शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर चुकता होतो.

आणि हात उगारू नका. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. बाकावर उभं करून वर्गाला हसवणं दुसऱ्यात मोडतं, म्हणजे मीही त्यात आलेच. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. मारू नये हे पट्टीने शिकवताना मूल पट्टीच शिकतं.

पायरी ३: वही

डावी-उजवी पानं जोडून तीन रकाने आखा: आधी, काय, नंतर. वर तारीख, वार, वेळ, जागा. घटना घडल्या दिवशीच लिहा, दोन मिनिटांच्या वर वेळ जाऊ देऊ नका. विशेषणं टाळा. 'उद्धटपणे वागला' यातून काहीच कळत नाही, 'पाटी जमिनीवर आपटली' यातून कळतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती:

मंगळवार, ९.२०, वर्ग. आधी: मोठ्याने वाचनाची पाळी, त्याच्या आधी तीन मुलं शिल्लक. शेजारी त्याच्या पुस्तकावर वाकला. काय: कोपर मारलं, पुस्तक फेकलं. नंतर: मी त्याला बाहेर उभं केलं. वाचनाची पाळी चुकली.

शेवटचं वाक्य मी सवयीने लिहिलं आणि मग त्याच्याकडे बघतच राहिले. आठपैकी चार नोंदींत वाचनाची पाळी जवळ आली होती आणि चारही वेळा मी त्याला बाहेर पाठवून त्यातून सोडवलं होतं. मला ती शिक्षा वाटत होती, त्याला ती सुटका होती. भूक चिडवत होती, पण कोपर वाचनापायी चालत होतं.

वही वाचताना म्हणून तीन प्रश्न विचारा. वेळ, वार, जागा किंवा माणूस यांत काय पुन्हा पुन्हा येतंय? 'नंतर'च्या रकान्यात मुलाला काय मिळतंय: सुटका, वस्तू, लक्ष, की मित्रांचा हशा? आणि कोणत्या तासाला तो कधीच मारत नाही? तिसरा प्रश्न आपण विसरतो. माझ्याकडे चित्रकलेच्या तासाची एकही नोंद नव्हती.

पायरी ४: कारणं तपासा, सोप्यापासून सुरुवात करून

शाळेत मूल मारायला लागलं की आपण थेट 'घरचे संस्कार' काढतो. ते शेवटी ठेवा. आधी पोट, झोप, कान, डोळे.

सकाळच्या शाळेत सरळ विचारा, आज काय खाऊन आलास? झोपेचं गणितही मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. सहाला उठायचं तर नऊला डोळा लागायला हवा, आणि एका खोलीच्या घरात टीव्ही आणि दिवा साडेअकराला बंद होतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं ते याच झोपेपायी. पाचवीपासून पुढच्यांचं काय, हा माझा जुना तंटा आहे, तो इथे नको.

कान फुटलेलं किंवा कानात पाणी साचलेलं मूल अर्धवट ऐकतं. मागून दिलेली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही, खांद्यावर हात पडला की ते दचकून फिरतं आणि लागलीच हात चालवतं. फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि तिथून वाद सुरू होतो. रक्त कमी असेल तरी चिडचिड वाढते. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. ते यायच्या आदल्या दिवशी तुमची दोन-तीन नावं कागदावर तयार ठेवा, नाहीतर वजन-उंचीतच दिवस संपतो.

मग अभ्यास. सहावीत असून दुसरीचा उतारा अडखळत वाचणाऱ्या मुलापुढे दोन वाटा असतात: सगळ्यांसमोर 'ढ' ठरणं किंवा 'दादा' ठरणं. दुसरी वाट निवडणारी मुलं मला कधीच मूर्ख वाटली नाहीत. अक्षरं उलटसुलट होणं, ऐकून सगळं येणं पण कागदावर न उतरणं, हे अध्ययन अक्षमतेचं लक्षण असू शकतं. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. सतत उठबस, पाळी न थांबणं, विचाराआधी हात चालणं हे चौथीतही तसंच असेल तर अतिचंचलतेची तपासणी करून घ्या.

त्यानंतर घर. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी मारकुट्या मुलांच्या घरी बसून निरीक्षणं केली. त्यांना जे चक्र दिसलं ते आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत दिसेल. आई म्हणते, मोबाइल ठेव. मूल ऐकत नाही. आई आवाज चढवते, मूल त्याहून मोठ्याने ओरडतं, उशी फेकतं. आई थकलेली, कुकरची शिट्टी झालेली. ती म्हणते, "घे, मर मेल्या, पाचच मिनिटं." घर शांत. मूल शिकलं की उशी फेकली की मोबाइल मिळतो. आई शिकली की दिला की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी ती देत नाही, फटका मारते, मूल गप्प होतं. आता ती शिकली की फटका चालतो आणि मूल शिकलं की ज्याचा हात मोठा त्याचं खरं. कुणी वाईट नाही, पण रोज दोन-चारदा ही शिकवणी होते आणि शाळेत मूल तिचा गृहपाठ करतं.

नुसतं बघूनही मुलं शिकतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बुकललेलं ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर तिला तसंच, काहींनी तर त्याच शब्दांसकट, बुकललं. घरात वडील आईवर हात टाकत असतील तर मुलासमोर ती बाहुली रोज असते. पडद्यावरच्या मारामारीला सगळा दोष द्यायला मात्र मी तयार नाही. मोबाइलचा मोठा तोटा मला झोप खाण्यात दिसतो.

एक कारण नेहमी उशिरा कळतं: मारणारं मूल स्वतः कुठेतरी मार खात असतं. रिक्षात, वसतिगृहात, शिकवणीत, मोठ्या भावाकडून. आणि शांत मूल एका महिन्यात अचानक बदललं, कपडे बदलायला, विशिष्ट माणसाकडे जायला घाबरू लागलं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलू लागलं, तर इथे वही बंद करा आणि थेट आठव्या पायरीवर जा.

पायरी ५: नुकसान कुणाकुणाचं होतं

मारणाऱ्याचं आधी होतं. वर्ग त्याला बाजूला टाकतो. मग तो बाजूला टाकलेल्या दुसऱ्यांना जाऊन मिळतो, बहुधा वरच्या वर्गातल्या. त्याची नजरही बदलते. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आक्रमक मुलं चुकून लागलेला धक्काही मुद्दाम मारलेला समजतात. जिन्यात दप्तर घासलं की त्याच्या लेखी हल्ला झाला. तो उलटा मारतो, समोरचा चिडतो आणि 'बघ, सगळे माझ्यावरच' हे त्याचं म्हणणं खरं ठरतं.

मार खाणारं मूल क्वचित सांगतं. सोमवारी सकाळी पोट दुखणं, पेन्सिली सारख्या 'हरवणं', दिवसभर लघवीला न जाता घरी आल्या आल्या मोरीकडे धावणं, ही त्याची सांगायची पद्धत असते. शाळेचं स्वच्छतागृह ही बिनमास्तरांची जागा. तिथे कोण कुणाला अडवतं ते सफाईच्या मावशींना आपल्याआधी माहीत असतं, त्यांना विचारा. आणि बाकीचा वर्ग बघून शिकतो. गप्प बसायचं, किंवा जिंकणाऱ्याच्या बाजूने हसायचं.

पायरी ६: पालकांशी बोलणं

पहिला निरोप तक्रारीचा नको. माझी चूक तीच होती. वडील आले, मी पाढा वाचला आणि त्यांनी टेबलासमोरच पोराच्या कानफटात दिली. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना मारलं.

दुसऱ्या वेळी मी आईला बोलावलं, मुलाला वर्गातच ठेवलं आणि चित्रांची वही पुढे केली. मग म्हणाले, "ताई, सकाळी त्याचं जरा चिडचिडं होतंय. घरी सकाळी काय काय असतं, सांगाल का?" त्या धुण्याभांड्याची कामं करतात, पहाटे पाचला बाहेर पडतात. वडील रात्रपाळीचे. पोरगं स्वतःच उठतं, धाकटीची वेणी घालतं आणि निघतं. 'संस्कार नाहीत' म्हणत होते ते मी या घराबद्दल. "मॅडम, रात्रीची भाकरी असते हो, पण तो म्हणतो खायला वेळ नाही." मग ठरलं की भाकरीत गूळ-तूप घालून गुंडाळून दप्तरात द्यायची, आणि परिपाठानंतर दोन मिनिटांत ती खायला माझी परवानगी.

पालकांकडे एका वेळी एकच गोष्ट मागा. 'लक्ष द्या' ही गोष्ट नव्हे. 'रात्री नऊला दिवा बंद' किंवा 'पंधरा दिवस हात नाही उगारायचा, उगारावासा वाटला तर खोलीबाहेर जायचं' ही आहे. घरात आजी असेल तर तिला नक्की भेटा, खरा कारभार बऱ्याचदा तिच्याकडे असतो.

पायरी ७: आराखडा, एका कागदावर

तीन रकान्यांचीच तीन उत्तरं लिहा. 'आधी'मध्ये काय बदलायचं, 'काय'च्या जागी काय शिकवायचं, 'नंतर' काय मिळू द्यायचं नाही.

माझ्या कागदावर असं होतं. भाकरी. वाचनाचा परिच्छेद आदल्या दिवशी ठरवून द्यायचा, म्हणजे पाळी अंगावर येणार नाही. डोकं तापलं की त्याने लाल पेन बाकाच्या कडेला ठेवायचं, मी काही न विचारता त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ देणार. आणि मारलं तर वाचन चुकणार नाही, शांत झाल्यावर माझ्याजवळ बसून तेवढंच वाचायचं. शिवाय भरपाई: ज्याचं पुस्तक फाडलं त्याचं चिकटवून द्यायचं, सुट्टीत, स्वतःच्या हाताने.

लाल पेनाची तालीम शांत असताना करून घ्या, नाटकातल्यासारखी, पाच-सहा वेळा. ऐन वेळी सांगितलेलं आठवत नाही. शाबासकी नेमकी द्या: "त्याने ढकललं तेव्हा तू मला येऊन सांगितलंस." नुसतं 'शहाणा मुलगा' हवेत विरतं.

पहिल्या आठवड्यात वागणं बिघडेल. जी युक्ती इतके दिवस चालली ती बंद पडली की मूल ती आणखी जोरात करून बघतं. याच टप्प्यावर बहुतेक जण 'हे काही कामाचं नाही' म्हणून सोडतात आणि मुलाला कळतं की अजून थोडा जोर लावला की जमतं. दोन आठवडे कळ काढा.

एक लोकप्रिय सल्ला मला पटत नाही: मारकुट्याला मॉनिटर करा, सुधारेल. तापलेल्या मुलाला जबाबदारी जरूर द्या, ग्रंथपेटी सांभाळायची, फळा रंगवायचा. पण थंड डोक्याने छळणाऱ्याच्या हाती नावं लिहायचा खडू देणं म्हणजे त्याला अधिकृत शिक्का देणं. त्याच्यासाठी जिना, स्वच्छतागृह, सायकलतळ अशा जागी मोठ्यांची नजर वाढवा, आणि त्याला व त्याच्या सावजाला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. तिथे सावज पुन्हा घाबरून हो म्हणतं.

पायरी ८: आपल्या आवाक्याबाहेर कधी

सहा-आठ आठवडे आराखडा नीट राबवूनही नोंदी कमी होत नसतील, हत्यारासारखी वस्तू येत असेल, प्राण्यांना मुद्दाम इजा, आग लावणं, स्वतःला दुखवणं किंवा 'मला जगायचं नाही' असं बोलणं असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाढ, ऐकणं, वाचा आणि अध्ययनाच्या अडचणी तपासल्या जातात. टेली-मानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत फोन सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार किंवा घरात हिंसा असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकावरही. 'आधी शाळेत चौकशी करू' म्हणून थांबता येत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, वेळ घाला आणि पुढे द्या.

जाताना वही सोबत न्या. डॉक्टरांना 'खूप मारतो' यापेक्षा अकरा तारखा जास्त उपयोगी पडतात.

वही कधी थांबवायची

माझ्या मुलाच्या वहीत ऑक्टोबरात पाच नोंदी होत्या, नोव्हेंबरात दोन. त्यातली एक खिचडीच्या रांगेतलीच, पण या वेळी रांगेत घुसलेला दुसराच होता आणि ह्याने त्याला ढकलून मला स्वतः येऊन सांगितलं. मी तीही नोंद केली. वाचन अजून अडखळतंच, त्याची तपासणी त्यानंतर झाली.

तीन आठवडे पान कोरं राहिलं की वही कपाटात ठेवायला हरकत नाही. फक्त सोमवारी आणि घटक चाचणीच्या आठवड्यात बाहेर काढा. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पहिले आठ दिवस मात्र ती टेबलावरच असू द्या.